ऑगस्ट बेलमाँट: बारा वर्षं पक्षाध्यक्ष, एकही निवडणूक जिंकली नाही, तरी टिकला कसा?

एल्मॉन्टचा पांडू

मंडळी, एक शंका आहे. जाणकारांनी जरा इस्कटून सांगावी.

मी न्यूयॉर्क शहराच्या वेशीवर एल्मॉन्टला राहतो. घराच्या मागे बेलमाँट पार्क रेसकोर्स. तिथला जुना ग्रँडस्टँड पाडून नवा बांधायला घेतला, म्हणून बेलमाँट स्टेक्स ही त्यांची मोठी शर्यत साराटोगाला हलवावी लागली. घोड्यांतलं मला ओ की ठो कळत नाही. आमचे आजोबा महालक्ष्मीला जायचे आणि त्यापायी आजीच्या पाटल्या गेल्या, तेव्हापासून घरात 'रेस' हा शब्द शिवीसारखा वापरतात. पण ऑफिसातल्या एकानं त्या शर्यतीच्या करंडकाचा फोटो दाखवला. चांदीचं झाकणाचं भांडं, झाकणावर उभा घोडा. घोड्याचं नाव फेनियन, १८६९ साली ही शर्यत जिंकलेला, आणि मालक स्वतः ऑगस्ट बेलमाँट. स्वतःच्याच नावाची शर्यत स्वतःच्याच घोड्यानं जिंकली! म्हटलं हा कोण बुवा, म्हणून शोधायला गेलो.

तर सापडलं ते असं. जर्मनीत ज्यू घरात जन्मलेला, रॉथशिल्ड या युरोपातल्या बड्या सावकार घराण्याच्या पेढीचा माणूस, न्यूयॉर्कला येऊन गब्बर झाला. आणि १८६० ते १८७२ अशी बारा वर्षं डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय समितीचा अध्यक्ष! या काळात १८६०, १८६४, १८६८ अशा तीन अध्यक्षीय निवडणुका झाल्या आणि तिन्ही पडल्या. आपल्याकडे सोसायटीच्या चेअरमनलाही एवढी सवलत मिळत नाही.

माझे प्रश्न:

बाहेरून आलेला माणूस तेवीस वर्षांत एवढ्या मोठ्या पक्षाच्या डोक्यावर जाऊन बसला कसा? एवढा पैसा होता तर हरला का? आणि हरूनही कोणी काढलं का नाही?

शेवटचा प्रश्न आमच्या फॅमिली ग्रुपवरच्या एका काकांचा. त्यांच्या मते 'रॉथशिल्डनी हा माणूस पेरला आणि अमेरिका विकत घेतली'. त्यांना उत्तर द्यायचंय.

शेवंता_के

रुमाल टाकून ठेवते. हुंडीकाकांना कोणीतरी हाक मारा.

हुंडीकाका

आलो.

पांडू, मी इतिहासाचा माणूस नाही हे आधीच सांगतो. चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली एकवीस फोर्टातल्या शाखेत परदेशी हुंड्यांच्या टेबलावर. आता लेकीकडे न्यू जर्सीला वर्षातून सहा महिने असतो. नातू शाळेत गेला की सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसतो. तिथं हा गृहस्थ भेटला आणि आवडला, कारण हा माझ्याच टेबलावरचा माणूस.

पैसा कुठून आला ते आधी बघू. त्याशिवाय राजकारण कळायचं नाही.

१८१३ साली ऱ्हाइनच्या बाजूच्या आल्झाय गावात जन्म. आई लहानपणीच गेली. फ्रँकफर्टला रॉथशिल्डच्या पेढीवर उमेदवारीला लागला तो झाडू मारायला आणि निरोप पोचवायला. हळूहळू विश्वासातला कारकून झाला. १८३७ साली पेढीनं त्याला क्यूबात हवानाला धाडलं. वाटेत न्यूयॉर्कला उतरला मे महिन्यात, आणि नेमक्या त्याच आठवड्यात शहरातल्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनं-चांदी देणं बंद केलं होतं. रॉथशिल्डचे तिथले अडते, जोसेफ बंधू, वसंत ऋतूतच बुडाले होते. हा पोरगा तेवीस वर्षांचा. हवाना राहिलं बाजूला. त्यानं वॉल स्ट्रीटवर खोली घेतली आणि पाटी लावली: ऑगस्ट बेलमाँट आणि कंपनी.

खोलीत काय चालायचं ते सांगतो, कारण हे मी हातानं केलंय. न्यू ऑर्लिन्सचा व्यापारी लिव्हरपूलला कापूस पाठवतो. पैसे हातात यायला दोन-तीन महिने. तोवर दम धरवत नाही, म्हणून तो तिकडच्या खरेदीदारावर पौंडांत साठ दिवसांची हुंडी, म्हणजे 'साठ दिवसांनी एवढी रक्कम द्या' असा कागद, लिहितो आणि न्यूयॉर्कच्या बाजारात विकायला काढतो. इकडे मँचेस्टरचं कापड मागवणाऱ्या दुकानदाराला लंडनला पौंड भरायचे असतात. मधला माणूस पहिल्याची हुंडी बट्टा कापून घेतो आणि दुसऱ्याला स्वतःची हुंडी विकतो. शरद ऋतूत कापूस निघाला की हुंड्यांचा पूर येतो, भाव पडतो, तेव्हा घ्यायच्या. उन्हाळ्याच्या तोंडाला टंचाई होते, तेव्हा विकायच्या. या धंद्याला अक्कल बेताचीच पुरते. एकच गोष्ट लागते: लंडनला तुमची हुंडी सकारणारा, म्हणजे तिचे पैसे द्यायचं कबूल करणारा, कोण आहे? १८३७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कात भल्याभल्यांच्या सहीला किंमत उरली नव्हती. बेलमाँटच्या सहीला होती, कारण पलीकडे सेंट स्विदिन्स लेनमध्ये रॉथशिल्ड बसले होते. बाकीचे घाबरून कागद फेकत होते आणि हा शांतपणे वेचत होता. पाच वर्षांत शहरातल्या मोठ्या सावकारांत त्याची गणना व्हायला लागली.

तुझ्या ग्रुपवरच्या काकांना यातली एक गोष्ट आवर्जून सांग. रॉथशिल्डनी त्याला न्यूयॉर्कात पेरलं नव्हतं. तो न विचारता राहिला, आणि घराण्यातल्या वडीलधाऱ्यांनी त्याबद्दल पुष्कळ कुरकुर केली. लंडन, पॅरिस, व्हिएन्नाला जशा घरच्या माणसांच्या पेढ्या होत्या, तसा दर्जा न्यूयॉर्कला कधीच दिला नाही. बेलमाँट शेवटपर्यंत अडत्याच राहिला. कमिशन घ्यायचा आणि स्वतःचाही धंदा करायचा.

आता राजकारण. १८४१ मध्ये त्यानं एका द्वंद्वयुद्धात गोळी खाल्ली आणि जन्मभर लंगडला, पण उच्चभ्रू न्यूयॉर्कनं त्याला 'आपल्यातला' म्हणायला तेवढंच निमित्त पुरलं! १८४४ मध्ये नागरिक झाला. १८४९ मध्ये लग्न केलं कॅरोलिन पेरीशी. सासरे म्हणजे कमोडोर मॅथ्यू पेरी, चारच वर्षांनी जपानच्या किनाऱ्याला काळी जहाजं घेऊन जाणारे तेच. पण या गोष्टीत सासऱ्यांपेक्षा मामेसासरे महत्त्वाचे. त्यांचं नाव जॉन स्लायडेल, लुईझियानाचे पुढारी, जोडतोडीत पक्के. त्यांनी या जावयाला ओढून पक्षात आणलं. १८५२ मध्ये बुकॅनन यांना उमेदवारी मिळावी म्हणून न्यूयॉर्कात मोर्चेबांधणी करायची आणि खिसा मोकळा सोडायचा, एवढं काम. बुकॅननना मिळाली नाही, पिअर्स यांना मिळाली. यानं निमूटपणे पिअर्सना पैसे दिले. बक्षीस म्हणून १८५३ ते १८५७ हेगला अमेरिकेचा राजदूत. तिथं बसून त्यानं क्यूबा स्पेनकडून विकत घेण्याच्या योजना आखल्या: स्पेन कर्जबाजारी आहे, सावकारांकरवी नाक दाबा, तोंड उघडेल. काही झालं नाही त्याचं. पुढे बुकॅनन खरोखरच राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा याला माद्रिदची वकिलात हवी होती. ती दिली नाही. तिथं बिनसलं. हा उठून गेला पक्षातलेच दुसरे पुढारी स्टीव्हन डग्लस यांच्याकडे, ज्यांचं नाव काढलं तरी मामेसासऱ्यांच्या कपाळाला आठी पडायची.

१८६० मध्ये पक्ष फुटला. चार्ल्स्टनला अधिवेशन, डग्लस यांना दोनतृतीयांश मतं हवी होती, सत्तावन्न फेऱ्या झाल्या, मिळाली नाहीत. दक्षिणेकडचे बरेच प्रतिनिधी त्याआधीच उठून गेले होते. जूनमध्ये बाल्टिमोरला पुन्हा जमले, तिथंही फूट. उरलेल्यांनी डग्लसना उभं केलं, दक्षिणेनं ब्रेकिन्रिजना. अशा वेळी डग्लस गटाला राष्ट्रीय समितीचा अध्यक्ष हवा होता आणि त्यांनी बेलमाँटला बसवलं.

हे पद तेव्हा काय होतं? पगार नाही, कायमचं कार्यालय नाही. चार वर्षांतून एकदा अधिवेशन बोलवायचं, उद्घाटनाचं भाषण करायचं आणि प्रचाराला पैसे उभे करायचे. पक्षाची खरी ताकद राज्याराज्यांतल्या यंत्रणांकडे. म्हणजे पांडू, तू म्हणतोस तसं हे डोकं नव्हतं, खिसा होता. मी डोंबिवलीला आमच्या गणेशोत्सव मंडळाचा नऊ वर्षं खजिनदार होतो. एका वर्षी मांडववाल्याचा ॲडव्हान्स माझ्या पाकिटातून गेला, कारण वर्गणी जमायची होती. मला वाटलं, आता निदान यंदा ऑर्केस्ट्रा नको, नाटक ठेवू, या माझ्या म्हणण्याला वजन येईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. ऑर्केस्ट्राच झाला. वर पुढच्या वर्षी पुन्हा मलाच खजिनदार केलं. 'हरूनही कोणी काढलं का नाही' याचं उत्तर त्यात आलं.

बेलमाँटचंही तेच. न्यूयॉर्कचे व्यापारी दक्षिणेच्या कापसावर जगणारे, तरी त्यांनी डग्लससाठी थैली सैल केली नाही. हरणाऱ्या घोड्यावर कोण लावतो? शेवटी न्यूयॉर्क राज्यात रिपब्लिकन पक्षाच्या लिंकनविरुद्ध डग्लस, ब्रेकिन्रिज आणि तिसरे बेल, अशा तिन्ही उमेदवारांची खिचडी यादी केली. तरी राज्याची सगळी पस्तीस निर्वाचक मतं लिंकनना गेली.

डोळे थकले. १८६४ आणि पुढचं उद्या.

शेवंता_के

मामेसासरे वाचून भरून पावले. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

कपाशी

काका, उद्याच्या भागात अमेरिकेचं यादवी युद्ध येणारच, म्हणून एक जोड देते. मी मूळ अमरावतीची, माहेर सगळं कापसातलं.

तुम्ही सांगितलेली लिव्हरपूलची हुंडी १८६१ मध्ये थांबली, कारण उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं कोंडली. लिव्हरपूलला कापूस तर हवाच होता. तो मग मुंबईतून जायला लागला. वऱ्हाड-खानदेशचा माल आखूड धाग्याचा, एरवी तिकडचे गिरणीवाले नाक मुरडायचे, पण त्या चार वर्षांत सोन्याच्या भावानं उचलला. त्याच पैशावर मुंबईत शेअरचं वेड आलं, बॅक बे रेक्लमेशनपासून वाट्टेल त्या कंपन्या निघाल्या आणि प्रेमचंद रायचंद बाजाराचा राजा झाला. १८६५ च्या वसंतात दक्षिणेनं शरणागती पत्करल्याची बातमी आली. कापूस कोसळला, आणि १ जुलैला वायद्यांचे पैसे चुकते करायच्या दिवशी निम्मा बाजार दिवाळखोर. बाँबे बँकही त्यातच गेली. प्रेमचंदनं आईच्या नावानं देणगी दिलेला राजाबाई टॉवर हा त्या तेजीचा उभा राहिलेला पुरावा.

तुमच्या बेलमाँटनं त्या बाजूला नेमकं काय केलं? युरोपनं दक्षिणेला मान्यता दिली असती तर आमच्याकडची तेजी दोन वर्षांतच आटोपली असती.

हुंडीकाका

कपाशीताई, बरोबर जागी बोट ठेवलंत. माझ्या मते या माणसाच्या हातून राजकारणात जे एक काम धड झालं, ते नेमकं हेच आहे. आणि ते पक्षाध्यक्ष म्हणून नाही झालं.

१८६० च्या हिवाळ्यात त्यानं दक्षिणेतल्या ओळखीच्या लोकांना पत्रांमागून पत्रं लिहिली, अलबामाच्या जॉन फोर्साइथसारख्यांना, की बाबांनो फुटू नका. कोणी ऐकलं नाही. तोफा सुटल्यावर मात्र तो सरळ सरकारच्या बाजूला गेला. जर्मनांची पलटण उभी करायला मदत केली. १८६१ च्या उन्हाळ्यात लंडनला जाऊन पंतप्रधान पामर्स्टन यांना भेटला. पामर्स्टन त्याला स्पष्ट म्हणाले की गुलामगिरी आम्हाला आवडत नाही, पण आम्हाला कापूस हवाय आणि तुमचं ते नवं जकातीचं बिल अजिबात आवडलेलं नाही. बेलमाँटनं हे जसंच्या तसं वॉशिंग्टनला कळवलं. विरोधी पक्षाचा अध्यक्ष लिंकनच्या मंत्र्यांना बातमीपत्रं पाठवतोय! आणि युरोपातल्या सावकारांना त्याचा धोशा एकच: दक्षिणेच्या कागदाला हात लावू नका, बुडाल.

आता गंमत बघा. दक्षिणेनं युरोपात पैसे आणि मान्यता मिळवायला वकील पाठवले, त्यांतले एक मामेसासरे स्लायडेल. नोव्हेंबर १८६१ मध्ये ते 'ट्रेंट' या इंग्रजी टपालबोटीवरून चालले होते. अमेरिकन युद्धनौकेनं बोट थांबवली आणि त्यांना उचललं. इंग्लंड-अमेरिका युद्ध व्हायची वेळ आली, मग सोडून द्यावं लागलं. स्लायडेल पॅरिसला पोचले. १८६३ मध्ये तिथल्या एर्लांजे नावाच्या सावकारानं दक्षिणेसाठी तीस लाख पौंडांचं कर्ज बाजारात आणलं, कापूस तारण ठेवून. पुढच्याच वर्षी स्लायडेलची मुलगी त्याच एर्लांजेला दिली. म्हणजे एका बाजूला बेलमाँट रॉथशिल्डना 'देऊ नका' म्हणतोय, दुसऱ्या बाजूला मामेसासऱ्यांचा जावई देतोय. रॉथशिल्ड त्या कर्जात पडले नाहीत, आणि ज्यांनी रोखे धरून ठेवले ते बुडाले.

एवढं करून १८६४ मध्ये काय झालं? रिपब्लिकन वर्तमानपत्रांनी छापलं की दक्षिणेचे रोखे रॉथशिल्डकडे आहेत, बेलमाँट त्यांचा हस्तक आहे, आणि डेमोक्रॅटांना तह हवा तो या ज्यूंचे पैसे बुडू नयेत म्हणून. धादांत खोटं. १८५२ मध्येही त्याच्यावर परदेशी सोन्यानं मतं विकत घेतल्याचा गिल्ला झालाच होता. पांडू, तुझ्या काकांचा मेसेज दीडशे वर्षांहून जुना आहे. फक्त फॉरवर्ड करायची सोय नवी.

शिकागोचं अधिवेशन त्यानं ४ जुलैवरून ऑगस्टच्या अखेरीला ढकललं, तोवर युद्ध लांबून लोक वैतागतील या हिशोबानं. हिशोब चुकीचा नव्हता. ऑगस्टमध्ये खुद्द लिंकनना आपण हरणार असं वाटत होतं. बेलमाँटनं उद्घाटनाला फर्डं भाषण केलं: एकतर्फी, माथेफिरू आणि भ्रष्ट पक्षाच्या चार वर्षांच्या गैरकारभारानं देश नाशाच्या कड्यावर आलाय वगैरे. उमेदवार त्याच्या मनासारखा मिळाला, जनरल मॅक्लेलन. पण जाहीरनामा गेला व्हॅलंडिगॅमच्या तहवादी टोळीच्या हातात. त्यांनी लिहिलं, युद्ध अयशस्वी ठरलं, थांबवा. म्हणजे उमेदवार सेनापती आणि जाहीरनामा तलवार म्यान करा म्हणणारा! अधिवेशन ३१ ऑगस्टला संपलं. २ सप्टेंबरला अटलांटा पडलं. मॅक्लेलननी जाहीरनाम्यातलं ते कलम झटकून टाकलं, पण उशीर झाला होता. निर्वाचक मतं लिंकनना २१२, मॅक्लेलनना २१.

मतदानाच्या दिवशीची एक गोष्ट मला फार आवडते. बेलमाँट स्वतः मत द्यायला गेला. समोरच्या पक्षाच्या माणसानं हरकत घेतली की यांनी निकालावर पैज लावलीये. न्यूयॉर्कच्या कायद्यात पैज लावणाऱ्याला त्या निवडणुकीत मत नाही. पक्षाच्या राष्ट्रीय अध्यक्षाला मत न देता घरी परतावं लागलं.

१८६८ थोडक्यात आटोपतो. अधिवेशन न्यूयॉर्कातच, टॅमनी हॉल या शहरातल्या डेमोक्रॅटिक पक्षयंत्रणेच्या नव्या इमारतीत. प्रश्न असा होता की युद्धात सरकारनं विकलेल्या रोख्यांचे पैसे सोन्यात फेडायचे की हिरव्या कागदी नोटांत. पश्चिमेकडचे शेतकरी कर्जात बुडालेले, त्यांना नोटा हव्या. बेलमाँट सावकार, त्याला सोनं हवं. अध्यक्ष हा, यजमान हा, आणि जाहीरनाम्यात कलम आलं नोटांचं! त्याला उमेदवार हवे होते सरन्यायाधीश चेस. बाविसाव्या फेरीत माळ पडली होरेशियो सीमोर यांच्या गळ्यात, जे अधिवेशनाचे सभापती म्हणून व्यासपीठावर बसून 'मला नको, मला नको' म्हणत होते. आणि निवडणुकीला तीन आठवडे उरले असताना न्यूयॉर्क 'वर्ल्ड' या वर्तमानपत्रानं लिहिलं, उमेदवार बदला. त्या वर्तमानपत्रात बेलमाँटचे स्वतःचे पैसे होते.

तिरकस

काका, लिहिता छान, पण मंडळाच्या खजिनदाराच्या दुःखात तुम्ही जरा वाहवलात असं वाटतं.

पैशाचं चाललं नाही म्हणता, मग हे बघा. १८७० च्या दशकात टॅमनीचा म्होरक्या ट्वीड पडल्यावर न्यूयॉर्कात पक्ष कोणाच्या हातात गेला? टिल्डन, बेलमाँट, मॅनहॅटन क्लबात जेवणारी मंडळी. त्यांना लोक 'पाकोळीच्या शेपटीचे कोटवाले' म्हणायचे ते उगाच नाही. नोटांची मागणी पक्षात हळूहळू मागे पडली आणि सोन्याचीच बाजू वर आली. १८८४ मध्ये क्लीव्हलंड निवडून आले, ते पक्के सोनेवाले. १८९५ मध्ये सरकारी खजिन्यातलं सोनं संपत आलं तेव्हा क्लीव्हलंडनी कोणाला बोलावलं? जे. पी. मॉर्गन आणि ऑगस्ट बेलमाँट धाकटा. रोखे त्यांनी घेतले आणि पस्तीस लाख औंस सोनं पुरवायचं ठरलं, रॉथशिल्डच्या मदतीनं. बाप उमेदवार निवडून आणू शकला नाही हे खरं, पण पक्षाला कोणत्या नाण्यावर विश्वास ठेवायचा ते पढवून गेला. सावकाराला आणखी काय हवं असतं?

त्याची किंमत पक्षानं पुढच्याच वर्षी मोजली. १८९६ मध्ये ब्रायननी सोन्याच्या नाण्याविरुद्ध 'सोन्याच्या क्रुसा'चं भाषण ठोकलं आणि सगळा पक्ष या लोकांच्या हातून काढून घेतला. तर मुद्दा असा की खिशाचं चालतं. निवडणुकीच्या दिवशी चालत नसेल, पण वीस वर्षांच्या हिशोबात चालतं.

हुंडीकाका

तिरकसराव, हे मान्य करायला लागेल. मी बारा वर्षांचं खातं उघडून बसलो होतो, तुम्ही पुढची वही आणलीत. क्लीव्हलंडच्या पहिल्या कारकिर्दीपर्यंत थोरला हयात होता, तो गेला नोव्हेंबर १८९० मध्ये. त्यानं शेवटचं काही पाहिलं असेल तर ते सोनेवाल्यांचं बरं चाललेलं.

पण एक तक्रार. क्लीव्हलंड हा त्याचा माणूस नव्हे. १८७६, १८८० आणि १८८४, तिन्ही वेळा त्यानं डेलावेअरच्या बेयार्ड यांच्यासाठी जीव टाकला. तिन्ही वेळा दुसऱ्यालाच मिळालं. विचार जिंकले म्हणता ते ठीक, पण माणूस आपल्या पसंतीचा बसवणं त्याला साधलं नाही ते नाहीच. आणि विचार जिंकायला तो एकटा कारण नव्हता, शेतमालाच्या किमती आणि लंडनचा बाजार यांचाही हात होता.

१८७२ राहिलं होतं, ते सांगून टाकतो. होरेस ग्रीली हे 'ट्रिब्यून'चे संपादक. आयुष्यभर डेमोक्रॅटांना शिव्या घातल्या. ज्या वर्तमानपत्रांनी १८५२ मध्ये बेलमाँटवर परक्या सोन्याचा आरोप केला, त्यात यांचं पुढे. राष्ट्राध्यक्ष ग्रँटना पाडायचं म्हणून रिपब्लिकनांतल्या फुटीर गटानं ग्रीलींना उभं केलं आणि डेमोक्रॅटांनी स्वतःचा उमेदवार न देता त्यांनाच पाठिंबा द्यायचं ठरवलं. बेलमाँट म्हणाला, ही असली अवाढव्य चूक आहे की ती झाली कशी हेच समजत नाही. तरी बाल्टिमोरच्या अधिवेशनाचं उद्घाटन त्यानंच केलं. सगळं अधिवेशन सहा तासांत उरकलं. तिथंच त्यानं पद सोडलं. ग्रीली हरले आणि महिन्याभरात वारलेही, मतांची अधिकृत मोजणी व्हायच्या आत.

एल्मॉन्टचा पांडू

काका, तिरकस, कपाशीताई, दंडवत. वाचनखूण साठवली. फॅमिली ग्रुपवर मामेसासऱ्यांचा परिच्छेद टाकला, काकांनी अंगठा दिला आणि पाठोपाठ हळदीच्या फायद्यांचा मेसेज. जिंकलो असं समजतो.

एकच राहिलं. एकूण किती पैसे घातले हो त्यानं पक्षात?

हुंडीकाका

आकडा देणारी वहीच नाही. कोणी कोणाला किती दिले हे जाहीर करायचं बंधन तेव्हा नव्हतं. धनादेश खासगी, पावती नाही, बरेचसे रोख. मी आमच्या मंडळाची नऊ वर्षांची पावतीपुस्तकं अजून माळ्यावर ठेवली आहेत, बायको दर दिवाळीला रद्दीत काढते आणि मी परत ठेवतो.

निवडणुकीच्या वर्गण्या जाहीर केल्या पाहिजेत असा पहिला राष्ट्रीय कायदा तिकडे १९१० मध्ये झाला. त्यासाठी संघटना काढून, वर्षानुवर्षं सगळ्यांच्या मागे लागून तो करवून घेणाऱ्यांत एक म्हातारा पुढे होता. काँग्रेसचा माजी सदस्य, नाव पेरी बेलमाँट. ऑगस्टचा थोरला मुलगा.